ओस्टरकाम्प, गाडी नंबर दोनशे आठ

अनुराधाबाई ताटके यांना जर्मन येतं, ही गोष्ट न्यूझीलंडमध्ये पहिली दोन वर्षं कोणाच्याच उपयोगी पडली नाही. पुण्यात त्यांचं पोट त्या भाषेवर चाललं होतं. १९७१ साली त्या जर्मन शिकल्या आणि पुढे एकोणतीस वर्षं पिंपरीच्या एका यंत्रांच्या कारखान्यात, ड्रॉइंग ऑफिसच्या शेजारच्या खोलीत बसून, त्यांनी जर्मन यंत्रांची माहितीपुस्तकं इंग्रजीत आणली. काम करायची त्यांची एक ठरलेली रीत होती. आधी प्रत्येक सुट्या भागाचं एक कार्ड करायचं, त्यावर जर्मन नाव, इंग्रजी नाव आणि तो भाग कशाला जोडलेला आहे ते लिहायचं, आणि सगळी कार्डं जुळल्याशिवाय पहिलं वाक्यसुद्धा उतरवायचं नाही. साहेब कितीही मागे लागले तरी ही रीत त्यांनी मोडली नाही.

२०१२ साली त्यांचे यजमान रमणराव गेले. दोन वर्षांनी मुलगा श्रीनाथ त्यांना हॅमिल्टनला घेऊन आला. श्रीनाथ तिथल्या 'ते रापा' भागातल्या दूध कारखान्यात इंजिनियर, सून सलोनी एका आयटी कंपनीत, नात इरा आठ वर्षांची. इरेला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीत यायचं. अनुराधाबाई तिला शाळेतून आणायच्या, कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध-ब्रेड घ्यायच्या आणि उरलेल्या वेळात लायब्ररीत जाऊन बसायच्या. पिंपरीला त्यांच्या टेबलाशी लोक शंका घेऊन यायचे. इथे त्यांना कोणी काही विचारत नसे. विचारलंच तर जेवलात का, एवढंच.

म्हणून २०१६च्या जानेवारीत श्रीनाथ ऑफिसातून आला आणि म्हणाला, "आई, रेविनला जर्मन वाचणारं माणूस हवंय," तेव्हा त्यांनी हातातली पोळी तव्यावर तशीच ठेवली आणि ती करपली.

रेविन ही त्याच्या कारखान्यात दुधाच्या टँकरांच्या फेऱ्या लावायची. साठीची, उंच, मोठ्याने बोलणारी बाई. तिची आई जॉइस त्र्याण्णव वर्षांची होती आणि वृद्धाश्रमात राहत होती. शेत विकायचं ठरलं म्हणून गोठ्यामागची शेड उपसायला घेतली, तर गोणपाटांच्या ढिगाखाली एक मोटारगाडी निघाली. गाडीच्या सीटखाली बिस्किटांचा एक डबा आणि डब्यात जर्मन कागद. गाडी होती जॉइसच्या वडिलांची. गावात त्यांना चार्ली कॅम्प म्हणत. ते जर्मनीहून १९०८ साली आले, पहिल्या महायुद्धात जर्मन म्हणून वेलिंग्टनच्या बंदरातल्या बेटावर त्यांना डांबून ठेवलं होतं, सुटल्यावर त्यांनी लग्न केलं, गायी पाळल्या आणि १९४६ साली ते वारले. जर्मनीबद्दल ते घरात जवळजवळ काहीच बोलले नाहीत.

सहा फेब्रुवारीला, वायतांगी डेच्या सुट्टीला, श्रीनाथ आईला शेतावर घेऊन गेला. गाडी आता शेडबाहेर उन्हात उभी होती. घोड्याच्या बग्गीसारखी उंच, छप्पर नाही, लाकडी आरांची चाकं, रबर कधीच गळून गेलेलं. पुढच्या बाजूला पितळेची पट्टी होती आणि तिच्यावर अक्षरं: ओस्टरकाम्प. खाली कोरलेला आकडा २०८. जुन्या गाड्यांच्या क्लबाचे दोघं जण तिच्याभोवती फिरत होते. त्यांनी असं नाव आयुष्यात ऐकलं नव्हतं.

रेविनने डबा अनुराधाबाईंच्या हातात दिला. तिला काय हवं होतं ते तिने एका दमात सांगितलं. क्लब ही गाडी साफसूफ करून तीन जुलैला आपल्या हॉलमध्ये मांडणार होता, शेजारी माहितीचा फलक लावणार होता, त्यासाठी मजकूर हवा होता. पण ते वरवरचं. खरी गोष्ट आईची होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जॉइस तरुण होती, आणि तिच्या बापावरून लोक तिला नाही नाही ते बोलले होते. तुझा बाप तिकडून काहीतरी करून पळालाय, नाहीतर नाव कशाला बदललं, असं. तिला ते आयुष्यभर लागून राहिलं होतं. रेविन म्हणाली, "त्यांनी काही वाईट केलं होतं का, एवढंच तिला मरायच्या आधी कळायला हवंय. अनु, तू फक्त वाच आणि जे असेल ते सांग."

अनुराधाबाई डबा मांडीवर घेऊन घरी आल्या. सीट बेल्ट डब्यावरून लावला होता.

डब्यात दोन तऱ्हेचे कागद होते. छापील आणि टाइप केलेले कागद त्यांना वाचता आले, छापील अक्षरं जुन्या टोकदार वळणाची असली तरी. एकोणीस पत्रं मात्र हाताने लिहिलेली होती आणि त्यातलं एक अक्षर ओळखेल तर शपथ. त्यांच्या सासऱ्यांच्या जमिनीच्या कागदांत मोडी होती, ती अशीच दिसायची. एका काठीला दुसरी काठी, मध्ये श्वास नाही. जर्मनांचीही एक मोडी होती हे त्यांना सदुसष्टाव्या वर्षी कळलं. लायब्ररीतल्या मुलीने त्यांना इंटरनेटवरून अक्षरांचा तक्ता काढून दिला. तो त्यांनी स्वयंपाकघरातल्या फ्रिजवर लावला, इरेच्या पोहण्याच्या वेळापत्रकाशेजारी, आणि रोज एक ओळ, कधी अर्धी, अशी पत्रं सोडवायला घेतली.

तोवर छापील कागदांतून कारखाना उभा राहू लागला, पण तोही काही सरळ उभा राहीना.

लिंडेनरोडा नावाच्या लहानशा गावात १९०२ साली, विणायच्या सुया करणाऱ्या एका बंद कारखान्याच्या इमारतीत, ओस्टरकाम्प आणि फोग्ट नावाच्या दोघांनी मोटारगाड्या करायला सुरुवात केली. दोन वर्षांनी पत्राच्या कागदावरून फोग्टचं नाव गेलं. का गेलं ते कुठे लिहिलेलं नाही. आणखी वर्षाने ओस्टरकाम्पचंही नाव गेलं आणि नुसता "लिंडेनरोडा वाहन कारखाना" उरला. गाडी मात्र तीच. इंजिन तेच, दोन सिलिंडरचं, तेही दुसऱ्याच कुठल्या कारखान्यातून विकत आणलेलं. कॅटलॉगात म्हटलं होतं की शेकडो समाधानी मालक आमच्या गाड्या चालवत आहेत. नोंदवहीत त्रेसष्ट गाड्या होत्या. मग दोनशे आठ नंबर आला कुठून? यावर अनुराधाबाईंनी चार दिवस घालवले. शेवटी नोंदवहीच्या पहिल्या पानावर त्यांना दिसलं की पहिल्याच गाडीला १५१ नंबर दिला होता. म्हणजे घेणाऱ्याला वाटावं की दीडशे आधीच रस्त्यावर आहेत. हे कळल्यावर त्या एकट्याच हसल्या. पिंपरीला एक पुरवठादार होता, तोही आपली बिलं पाचशेपासून सुरू करायचा.

१९०७ साली मंदी आली, इंजिनं पुरवणाऱ्याने हात आखडता घेतला, आणि त्या वर्षीच्या डिसेंबरात कारखाना बंद झाला. जेमतेम साडेपाच वर्षं. लिंडेनरोडाच्या बाहेर कोणाच्या ते लक्षातही आलं नसावं.

आता माणसं. अनुराधाबाईंनी आपल्या रीतीप्रमाणे कार्डं केली. सुट्या भागांना बाप नसतो, माणसांना असतो. तेव्हा कार्डावर त्यांनी चार रकाने आखले. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, काम. जन्मभर प्रत्येक अर्जावर भरत आलेले रकाने. पेन आपोआप चाललं.

कारखान्याच्या कागदांवर मालक म्हणून सही होती आउगुस्ट ओस्टरकाम्प यांची. न्यूझीलंडला आलेल्या माणसाच्या बोटीच्या कागदावर नाव होतं कार्ल आउगुस्ट ओस्टरकाम्प. म्हणजे आउगुस्ट हा बाप आणि कार्ल हा त्याचा मुलगा. दोन कार्डं. यात विचार करण्यासारखं त्यांना काही दिसलंच नाही. शिवाय जॉइसला आठवत होतं की वडील एकदा "म्हाताऱ्याचा कारखाना" असं काहीतरी बोलले होते. तेही जुळलं.

पुढे मात्र एकेक टाका घालावा लागला. आउगुस्टच्या धंद्याच्या परवान्यावर जन्मसाल १८७१ दिसत होतं आणि बोटीच्या कागदावर कार्लचं १८८०. बाप-लेकात नऊ वर्षं. अनुराधाबाईंनी भिंग घेतलं. शाई फुटली होती. सातचा पाच असेल, असं त्यांनी ठरवलं आणि कार्डावर १८५१ लिहिलं. पत्रं हेडविग नावाच्या बाईने आउगुस्टला लिहिलेली होती, तेव्हा ती त्याची बायको, म्हणजे कार्लची आई. पण पत्रात एक लहान मुलगी होती, लोट्टे, १९०४ साली जन्मलेली. मोठा मुलगा १८८०चा आणि धाकटी मुलगी १९०४ची? अनुराधाबाईंनी कार्डावर "दुसरी बायको?" असं लिहिलं. बापाला लिहिलेली पत्रं मुलाच्या डब्यात कशी, याला त्यांनी उत्तर दिलं की मुलाने आठवण म्हणून जपली असतील. रमणरावांचे कागद श्रीनाथने नव्हते का जपले?

सलोनी म्हणाली, "आई, एक्सेलमध्ये टाकते मी सगळं, म्हणजे घोळ लगेच दिसेल." त्या म्हणाल्या, घोळ कार्डातही दिसतोय, एक्सेलमध्ये नुसता नीट रांगेत दिसेल.

एप्रिलअखेरपर्यंत एकोणीसपैकी सात पत्रं सुटली. ती वाचून त्यांना आउगुस्टचा राग येऊ लागला. कारखाना बंद झाल्यावर हा माणूस बायको-मुलीला सोडून कुठेतरी निघून गेला होता. "वसंतात बोलावतो म्हणाला होतास," हेडविगने लिहिलं होतं. "दुसरा वसंत गेला."

क्लबाला मजकूर हवा होता. अनुराधाबाई म्हणाल्या की अजून बारा पत्रं बाकी आहेत, सगळी कार्डं जुळलेली नाहीत. रेविन म्हणाली की आईची तब्येत काही खरी नाही, आहे तेवढं दे. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आपली रीत मोडली. दोन पानं लिहून दिली. त्यात कारखान्याची हकिगत होती, आणि पुढे असं होतं की मालक आउगुस्ट ओस्टरकाम्प कुटुंबाला वाऱ्यावर सोडून गेला. त्याचा मुलगा कार्ल शेवटची उरलेली गाडी घेऊन न्यूझीलंडला आला आणि त्याने नव्याने आयुष्य सुरू केलं.

एक मेच्या रविवारी रेविनने ती पानं वृद्धाश्रमात वाचून दाखवली. अनुराधाबाई बरोबर होत्या. जॉइस खुर्चीत बसून ऐकत होती. अंगाने चिमणीएवढी झालेली, पण कान तिखट. वाचून झाल्यावर तिने अनुराधाबाईंचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

"म्हणजे माझ्या बाबांनी काही केलं नव्हतं. करणारा तो म्हातारा होता," ती म्हणाली. आणि मग, "मला एक आत्याही होती की. लोट्टे. काय छान नाव आहे."

परतताना गाडीत अनुराधाबाईंना बऱ्याच दिवसांनी आपण कोणीतरी आहोत असं वाटलं. रेविनने क्लबाला मजकूर पाठवला. क्लबाने तो फलक करणाऱ्याकडे दिला.

मे महिना बाकीच्या पत्रांत गेला. हात बसला होता, आता दिवसाला अर्धं पान सुटायचं. आणि जसजशी पत्रं सुटत गेली तसतसं डोकं गरगरायला लागलं. सोळाव्या पत्रात हेडविग आउगुस्टला विचारत होती की तुझ्या गायी किती झाल्या. एकोणिसाव्यात, १९११च्या नोव्हेंबरात, तिने लिहिलं होतं: "लोट्टे सात वर्षांची झाली. तुझ्या न्यूझीलंडमध्ये आता उन्हाळा असतो हे तिला शाळेत कळलं. तेव्हापासून ती विचारते, बाबांकडे सगळं उलटं असतं का. मी काय सांगू?"

त्यानंतर पत्र नाही.

तुझ्या न्यूझीलंडमध्ये. म्हणजे आउगुस्टही इथे आला होता? मग मुलगा आधी आला की बाप? दोघं एकत्र राहत होते? जॉइसला त्या घरात दुसरा म्हातारा कधी आठवत नव्हता. अनुराधाबाईंनी श्रीनाथला बोटींच्या याद्या शोधायला बसवलं. त्याने दोन संध्याकाळ घालवल्या. १९०० ते १९१४ मध्ये ओस्टरकाम्प नावाचा एकच प्रवासी सापडला.

"दुसरा पोहत आला असेल," श्रीनाथ म्हणाला.

"थट्टा करू नकोस. एक माणूस जास्त होतोय मला."

"अगं, मग कर कमी."

इराने कार्डांकडे बघून विचारलं, "आजी, आर दे ऑल डेड?" त्या म्हणाल्या, हो. "देन हू केअर्स, दे कान्ट गेट मॅड," इरा म्हणाली आणि पोहायचे टॉग्ज शोधायला निघून गेली.

त्या कार्डं टेबलावर मांडायच्या, उचलायच्या, पुन्हा मांडायच्या. वरणाला फोडणी दिली की नाही हे आठवेनासं झालं. आपलं वय झालं, आता हे आपल्याला झेपत नाही, असं त्यांच्या मनात येऊ लागलं. आणि ते कोणाला सांगायची सोय नव्हती, कारण सांगितलं असतं तर श्रीनाथने डबा परत करून टाकला असता.

सात जूनला मंगळवारी त्या फ्लूचं इंजेक्शन घ्यायला डॉक्टरांकडे गेल्या. बाहेर सात-आठ माणसं बसली होती. नर्सने दार उघडलं, हातातल्या कागदाकडे पाहिलं आणि हाक मारली, "रमण?"

अनुराधाबाईंनी मागे वळून पाहिलं. दाराकडे. कोण येतंय म्हणून. हे त्यांनी आधी केलं, आणि मग त्यांना समजलं की आपण काय केलं. चार वर्षांत कोणी ते नाव मोठ्याने उच्चारलं नव्हतं.

"रमण ताटके?" नर्स पुन्हा म्हणाली.

त्या उठल्या. आत गेल्यावर त्यांनी सांगितलं की माझं नाव अनुराधा, रमण हे माझ्या यजमानांचं. नर्सला काही कळेना. तुमच्या नावात नवऱ्याचं नाव कसं? तिने माफी मागितली. कोणीतरी मधल्या नावापुढे खूण केली होती, तिला वाटलं याच नावाने तुम्हाला हाक मारतात. "इथे निम्मी माणसं मधल्याच नावाने ओळखली जातात," ती बाही वर करता करता म्हणाली. "माझे बाबा विल्यम कीथ. जन्मात त्यांना कोणी विल्यम म्हटलं नाही. कीथच."

"कीथ म्हणजे तुमचे आजोबा?"

"छे. आजोबा आर्थर. कीथ कोणीच नव्हतं. आईबापांना आवडलं म्हणून ठेवलं."

सुई टोचली ते अनुराधाबाईंना समजलं नाही. इंजेक्शननंतर वीस मिनिटं बसायचं असतं, म्हणून त्या बसल्या, आणि कापसाचा बोळा दंडावर दाबून धरत मनातल्या मनात दोन कार्डं एकमेकांवर ठेवली. ती बरोबर बसली. सातचा पाच करायची गरज नव्हती; परवान्यावर होतं ते १८७१च होतं. दुसऱ्या बायकोची गरज नव्हती. पत्रं मुलाने जपलेली नव्हती, ज्याला आली त्याच्याच डब्यात होती. "म्हाताऱ्याचा कारखाना" हेही तो स्वतःलाच म्हातारा म्हणून बोलला असणार. बोटीच्या कागदावर त्याने आपलं वय नऊ वर्षांनी कमी सांगितलं होतं, एवढंच. एकोणतीस वर्षं त्यांनी जर्मनांशी पत्रव्यवहार केला, पण तिकडे सगळे "हेर", म्हणजे श्रीयुत, अमुक आणि "हेर" तमुक. कोणाच्या पहिल्या नावाशी त्यांचा संबंधच आला नव्हता. कार्ल आउगुस्ट ओस्टरकाम्प हा एक माणूस होता. त्याला बाप त्यांनी दिला होता, स्वतःच्या हाताने, रकाना आखून.

वीस मिनिटांची चाळीस झाली तरी त्या उठल्या नाहीत. रिसेप्शनवरच्या मुलीने येऊन विचारलं, बरं वाटत नाही का.

संध्याकाळी त्यांनी घरात सांगितलं. श्रीनाथ आधी हसला आणि मग आईचा चेहरा बघून थांबला. तो म्हणाला की फलकावर एक नाव बदलायचं, क्लबाला मेल टाकतो. सलोनीला लगेच कळलं की प्रश्न फलकाचा नाही. ती म्हणाली, "त्या आजींना सांगायलाच हवं का? त्र्याण्णव वर्षांच्या आहेत. सुखात आहेत. त्यांच्यासाठी म्हाताराच वाईट राहू दे ना."

अनुराधाबाई म्हणाल्या, "पण तो म्हातारा मी केलाय, सलोनी. तो नव्हताच."

गुरुवारी त्या बसने रेविनकडे गेल्या. रेविनने चहा केला, त्यांनी दोन्ही कार्डं टेबलावर ठेवली आणि सांगून टाकलं. रेविन उठली. ओट्यावरचे स्वच्छच असलेले कप तिने पुन्हा धुतले.

"म्हणजे बायको-मुलीला टाकून आले ते माझे आजोबाच."

"हो. माझी चूक झाली."

"तुझी चूक नसती तर बरं झालं असतं, एवढंच म्हणते मी." कप पालथे घालून ती वळली. "आईला मी नाही सांगणार, अनु. गेला महिनाभर ती नर्सपासून माळ्यापर्यंत सगळ्यांना सांगत सुटलीय की माझ्या बाबांनी काही केलं नव्हतं. ते तू दिलंस. परत घ्यायचं तर तूच घे."

हे बोलणं कडू होतं, पण अन्यायाचं नव्हतं. अनुराधाबाईंनी विचारलं की रविवारी मला घेऊन जाशील का. रेविन म्हणाली, नेईन.

बारा जूनला दुपारी पाऊस पडत होता. जॉइस खिडकीशी होती. मांडीवरच्या शालीखाली ती दोन पानं घडी घालून ठेवलेली होती. कडा मऊ पडल्या होत्या. अनुराधाबाईंनी खुर्ची जवळ ओढली. वाटेत त्यांनी वाक्यं जुळवली होती, ती आता एकही आठवेना. त्या म्हणाल्या की मी वाचण्यात चूक केली. आमच्याकडे मधलं नाव बापाचं असतं, म्हणून मी दोन माणसं धरली. माणूस एकच आहे. कारखाना तुमच्या वडिलांचा. हेडविग त्यांची बायको. लोट्टे त्यांची मुलगी, ते निघाले तेव्हा चार वर्षांची.

जॉइसने डोळे मिटले. रेविन भिंतीला टेकून उभी होती. बाहेर कोणीतरी जेवणाची ट्रॉली ढकलत नेत होतं.

"एकोणपन्नास," जॉइस बोलली. अनुराधाबाईंना वाटलं, हिला काही कळलं नाही, ही दुसरंच काही बोलतेय. "बाबा तीन वाढदिवस एकोणपन्नासच सांगत होते. आई चिडवायची. शाळेत पोरी विचारायच्या, हे तुझे आजोबा का ग? एवढे पांढरे केस." तिने डोळे उघडले. "मला कळायला हवं होतं."

"मम," रेविन आईला थांबवत म्हणाली.

"मला बोलू दे. मी बहात्तर वर्षं लोकांशी भांडले की त्यांनी काही केलं नव्हतं." तिने शालीखालची पानं काढली आणि अनुराधाबाईंच्या हातात दिली. रागाने नाही, पण परत घेण्यासाठीही नाही. "ते पत्र आणलंयस? ती सात वर्षांची होते ते?"

अनुराधाबाईंनी आणलं होतं. जॉइसने आधी जर्मनमध्ये वाचायला सांगितलं. तिला त्यातला एकही शब्द समजत नव्हता, पण तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मग इंग्रजीत ऐकलं, आणि उलट्या उन्हाळ्याची ओळ पुन्हा वाच म्हणाली.

"काल आत्या होती," ती म्हणाली. "आज बहीण. पुढे काय झालं तिचं?"

माहीत नाही, अनुराधाबाई म्हणाल्या. इथे पत्रं संपतात. त्या गावच्या नगरपालिकेत जुन्या नोंदी असतील, विचारता येईल, उत्तर येईल की नाही सांगता येत नाही.

"लिही."

"नगरपालिकेला?"

"तिला."

रेविन हळूच म्हणाली की मम, ती आज एकशे बारा वर्षांची असती.

"मला वजाबाकी येते, रेविन. नगरपालिकेच्या पत्रात घालून पाठवा. तिची मुलं असतील, नातवंडं असतील, कोणीतरी उघडेल." जॉइस अनुराधाबाईंकडे वळली. "आणि त्या क्लबवाल्यांना सांगा, फलकावर त्यांचं पूर्ण नाव घाला. गाडी त्यांनी केली हे लिहा. कोणाला सोडून इथे आणली तेही लिहा."

"फलक गाडीचा आहे गं," रेविन म्हणाली.

"मग गाडीपुरतं खरं लिहा."

रेविन फोन करायला बाहेर गेली. फलक अजून छापलेला नसला तर थांबवायचा होता. अनुराधाबाईंनी पर्समधून वही काढली, कोरं पान काढलं आणि पेनाचं टोपण उघडलं. कोणाला लिहायचं ते त्यांना अजून नीट उमगत नव्हतं. मेलेल्या माणसाला, जिवंत नातवंडाला, की कचेरीतल्या एखाद्या कारकुनाला? तशी भाषा बदलते. त्यांनी तसं विचारलंही.

"प्रिय लोट्टे, असं लिही," जॉइस म्हणाली. "बहिणीला दुसरं काय लिहितात?"

त्यांनी जर्मनमध्ये ते दोन शब्द लिहिले, स्वल्पविराम दिला, आणि पुढच्या वाक्याची वाट पाहत बसल्या. जॉइस खिडकीबाहेर बघत होती. तिचे ओठ एकदा हलले, पुन्हा मिटले. चहावाली आली, दोन कप ठेवून गेली. कागदावर अजून तेवढंच होतं.

"थांब," जॉइस म्हणाली. "सापडतंय मला."